कोबीची पानं कडेनं पिवळी पडतायत, करपा आहे का दुसरंच काही?

बांधावरचा_गडी
नमस्कार मंडळी, जुन्नर तालुक्यात आहे, १ एकर कोबी, लागण होऊन ३८ दिवस झाले, नर्सरीतून ट्रेची रोपं आणली होती. सुरवातीला एक नंबर प्लॉट होता पण गेल्या आठवड्यात चार दिवस पाऊस लागून राहिला आणि आता खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळायला लागल्यात. दुकानदाराला फोटो दाखवला तर म्हणाला करपा आहे, मॅन्कोझेब मारा, ते मारलं, मग परत पाच दिवसांनी दुसरं एक भारीतलं बुरशीनाशक दिलं तेही मारलं, फरक शून्य. उलट वाढतच चाललंय. पाणी स्प्रिंकलरवर आहे. गड्डा आत्ता कुठं बांधायला लागलाय, काय करावं?

काळी_माती
दादा आधी फवारणी थांबव आणि पान नीट बघ. करपा असला तर पानाच्या मधेच कुठंही गोल तपकिरी ठिपके दिसतात, त्यात एकात एक रिंगा असतात. केवडा असला तर वरून पिवळा डाग आणि पान उलटं केलं की सकाळच्या वेळी खाली पांढरट बुरशी. तू म्हणतोस कडेपासून सुरू झालंय, तर ते पिवळं इंग्रजी व्ही सारखं आहे का, टोक मधल्या शिरेकडं? आणि त्यातल्या बारीक शिरा काळ्या पडल्यात का? एक झाड उपट आणि दांडा आडवा काप, आत काळी रिंग दिसते का सांग.

बांधावरचा_गडी
आत्ताच जाऊन बघितलं. व्हीच आहे, शिरा पण काळ्या, उजेडात धरलं की जाळी स्पष्ट दिसते. दांडा कापला तर आत काळं वर्तुळ. रिंगाबिंगा कुठंच नाहीत.

काळी_माती
मग हा घाण्या आहे रे बाबा, काळी कूज म्हणतात तीच. हा बुरशीचा नाही, जिवाणूचा रोग, म्हणून तुझी दोन्ही बुरशीनाशकं वाया गेली. पानाच्या कडेला पाणी सोडायची बारीक छिद्रं असतात, सकाळी तिथं थेंब जमतो, जिवाणू तिथूनच आत जातो आणि शिरेशिरेनं दांड्यात उतरतो, म्हणून व्ही दिसतो. मागनं मऊ कूज लागली की गड्डा सडतो आणि जो वास सुटतो त्यावरून नाव पडलंय.
आत गेलेला जिवाणू कुठल्याच फवारणीनं मरत नाही. आता चांगली झाडं वाचवायची एवढंच हातात आहे. जास्त लागलेली झाडं मुळासकट काढून लांब खड्ड्यात पूर, उकिरड्यावर टाकू नको, तेच शेणखत होऊन परत रानात येतं. दहिवर असताना प्लॉटमधे कुणाला शिरू देऊ नको, खुरपणी पण पानं सुकल्यावरच. कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम घे, चांगल्या झाडांवर आच्छादन होतं, पण काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची ते लेबलवर वाच आणि तेवढे दिवस पाळ.

सह्याद्री_शेती
कॉपरमधे स्ट्रेप्टो मिसळा ना, आम्ही कायम मारतो.

काळी_माती
भाऊ ते अँटिबायोटिक आहे, माणसाच्या औषधातलं. सारखं मारलं की जिवाणू त्याला जुमानत नाही, आणि गड्डा लोकं खातात. मी तरी सांगणार नाही.

रोपवाटिका_ताई
मी ट्रेमधे रोपं करते म्हणून सांगते, हा रोग बऱ्याचदा बियातूनच येतो आणि नर्सरीत झारीच्या पाण्यानं पसरतो, रोप मात्र वरून हिरवंगार दिसतं त्यामुळं घेणाऱ्याला काही कळत नाही. बी साधं असेल तर ५० अंश पाण्यात कोबीचं २५ ते ३० मिनिटं आणि फ्लॉवरचं २० मिनिटं ठेवायचं, लगेच गार पाण्यात काढून सावलीत सुकवायचं. थर्मामीटर पाहिजेच, बोट बुडवून अंदाज चालत नाही, माझं पहिल्या वर्षी अख्खं पाकीट शिजून गेलं होतं. रंग नि औषध लावलेल्या बियाला हे करू नका. दादा, त्या रानात आधी काय होतं?

बांधावरचा_गडी
ताई मागच्या वर्षी फ्लॉवर. आणि या वर्षी किडीचा पतंग कोबी सोडून तिकडं जावा म्हणून कडेला मोहरी पण लावलीय 😐

रोपवाटिका_ताई
झालं म्हणजे. फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली, मुळा, मोहरी सगळे एकाच खानदानातले, सगळ्यांना हाच घाण्या लागतो. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाला २५ ओळींमागं २ ओळी मोहरी हे बरोबरच आहे, पण तिच्या पानावर पण व्ही दिसतोय का बघा, दिसला तर उपटा. पुढची २-३ वर्षं त्या तुकड्यात कांदा, मका, हरभरा काहीही घ्या पण या खानदानातलं नको.

सह्याद्री_शेती
आणि स्प्रिंकलर संध्याकाळी लावत असशील तर बंद कर, रात्रभर पान ओलं राहतं. ड्रिप नसेल तर पहाटे लाव म्हणजे दहा वाजेपर्यंत पानं सुकतात. युरिया पण आवर.

बांधावरचा_गडी
संध्याकाळीच लावत होतो, लाईटच तेव्हा असते. शेजाऱ्याकडून जुन्या ड्रिपच्या नळ्या मागितल्यात. सकाळपासून साठेक झाडं उपटली, वरच्या कोपऱ्यात जास्त आहेत, पाणी तिकडून खाली उतरतं. परवा कॉपर मारतो आणि मोहरी बघून फोटो टाकतो.