लक्षणे ओसरली तरी रुग्णालय गाठावेच

वडिलांचे तोंड एका बाजूला ओढले गेले, बोलणे जड झाले आणि दहा-पंधरा मिनिटांत सारे पूर्ववत झाले. अशा वेळी डॉक्टरांकडे नेण्याची गरज आहे का, असा प्रश्न आहे. गरज आहे, आणि आजच आहे. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा काही काळ खंडित होऊन पुन्हा सुरू झाला की असे घडते. यालाच टीआयए (ट्रान्झियंट इस्केमिक अटॅक) म्हणतात. त्यानंतर पक्षाघाताचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक असल्यामुळे ‘आता बरे वाटतेय ना, मग सोमवारी दाखवू’ हा आपल्याकडचा नेहमीचा निर्णय इथे फार महागात पडू शकतो.

पुन्हा असे झाले तर त्यांना हसायला, दोन्ही हात समोर उचलून धरायला आणि एखादे साधे वाक्य म्हणायला सांगावे. एकातही फरक दिसला तर लगेच १०८ला फोन करावा. एका डोळ्यापुढे अचानक अंधारी येणे हेही असेच लक्षण आहे, पण ते बहुधा चष्म्याच्या नंबरावर ढकलले जाते. शेवटचे ठणठणीत कधी होते ती वेळ लिहून ठेवावी, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी कितीही आग्रह केला तरी घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये. गिळताना ठसका लागण्याची भीती असल्याने पाणीही पाजू नये. मधुमेह असेल तर साखर तेवढी तपासावी, कारण ती उतरल्यावरही अगदी अशीच लक्षणे दिसू शकतात.