मदत हवी आहे : प्रमाणपत्रावर छापायच्या वॉटरमार्कसाठी कोणती शाई वापरावी?

नमस्कार. बेळगावच्या शहापूर भागात आमचा लहानसा ऑफसेट छापखाना आहे. खानापूर तालुक्यातील एका वाचनालयाने शताब्दीनिमित्त द्यावयाच्या मराठी-कन्नड प्रमाणपत्रांचे काम आमच्याकडे सोपवले असून, कागद उजेडासमोर धरताच त्यांचे बोधचिन्ह दिसावे, अशी त्यांची इच्छा आहे.

खरा वॉटरमार्क कागद तयार होतानाच पडतो. तारेची आकृती बसवलेला डँडी रोल ओल्या लगद्यावरून फिरतो, आकृतीखालचा थर पातळ होतो आणि तेथून उजेड अधिक पार होतो. दांडेलीची कागद गिरणी आम्हांला जवळची असली, तरी काही रिमांसाठी कोणतीही गिरणी वेगळा रोल घडवणार नाही. म्हणून छापील वॉटरमार्क हाच मार्ग उरतो.

त्यासाठीच्या पारदर्शक शाईत रंगद्रव्य नसते. तिच्यातील राळ, तेल किंवा मेण कागदाच्या तंतूंमधील हवेची जागा घेते आणि त्याचा वक्रीभवनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) तंतूंमधील सेल्युलोजच्या, म्हणजे सुमारे १.५ च्या, जवळ असल्यामुळे प्रकाश फारसा न विखुरता पार जातो. अडचण अशी की, जवसाच्या तेलाची शाई हवेतील ऑक्सिजनने वाळताना पिवळी पडत जाते, आणि मेणाचे प्रमाण वाढवले तर अक्षरांच्या कडा पसरतात. पांढरी अपारदर्शक शाई वापरून पाहा, असे काहींनी सुचवले. परंतु तो ठसा कागद तिरपा धरल्यावरच दिसतो, उजेडासमोर नाही, त्यामुळे वाचनालयाची मागणी त्याने पुरी होत नाही. वाचक हे प्रमाणपत्र चौकटीत घालून वर्षानुवर्षे भिंतीवर लावतील, तेव्हा डागाळलेले बोधचिन्ह त्यांच्या हाती देणे मला मान्य नाही.

ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सांगावे : अतिनील दिव्याखाली सुकणारी पारदर्शक शाई पिवळेपणा टाळते का? ऑफसेटवर शाईचा थर फार पातळ बसतो. मग ती कागदात पुरेशी मुरावी म्हणून स्क्रीन प्रिंटिंगच (जाळीतून शाई दाबून छापणे) घ्यावे का? कोटिंग नसलेला १०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा) कागद चालेल, की त्याहून हलका घ्यावा? नावे नंतर लेझर प्रिंटरवर छापायची आहेत, तेव्हा फ्यूझरच्या, म्हणजे टोनर वितळवून कागदावर बसवणाऱ्या भागाच्या, उष्णतेने शाई वितळून रोलरला चिकटण्याचा धोका कितपत आहे? आमच्याकडे पावसाळ्यात हवा अतिशय दमट असते, म्हणून सुकवण्याचा अवधीही कळवावा. जुना नमुना जपून ठेवला असल्यास त्याचा कागद, शाईचा प्रकार आणि आजची स्थिती जरूर लिहावी.