खंबाटकीत गाडी मान टाकते, गॅरेजवाला म्हणतो टर्बो गेला

हळदवाला_वाई:

राम राम मंडळी. गाडी २०१४ ची, १.३ लिटर डिझेल, व्हीजीटी टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा फॅन, आतली पाती हलून हवा कमी-जास्त करणारा), १ लाख ४२ हजार किलोमीटर झालेत. माझा हळदीचा व्यापार, आठवड्यातून दोनदा पुण्याला मार्केट यार्डात जाणं असतं. जाताना काही त्रास नाही. येताना खंबाटकी चढायला लागलो की गाडी मान टाकते. तिसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबला तरी काटा २००० च्या वर जायला तयार नाही, आणि काळा धूर एवढा की मागचा टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढत नाही. बॉनेटखालून 'फुस्स्स' येतं, कुकरची शिटी नीट बसली नाही की येतं तसं. मग चेक लाईट लागते आणि गाडीची बैलगाडी होते. बाजूला घेऊन बंद केली, परत चालू केली की थोडा वेळ बरी चालते.

स्कॅनरवर पी०२९९ हा फॉल्ट कोड आला. गॅरेजवाल्याने टर्बोच्या तोंडावरचा पाईप काढून बोटाने फॅन हलवला आणि म्हणाला, "प्ले आलाय, आत तेल पण आहे, टर्बो गेला." नवा ४२ हजार, रिकंडिशन १८. घरातून सल्ला आहे की गाडीच विका. पण ह्या धुरासकट घेणार कोण? टर्बो खरंच गेलाय का, एवढं सांगा.

मोकळा_सायलेन्सर:

ईजीआरला (धूर परत इंजिनात फिरवणारा वॉल्व्ह) पत्रा मार, रीमॅप करून घे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून घे. विषय संपला.

नाना_डेपो:

पत्रा मारून विषय संपत नाही, पीयूसीला उभं राहिलं की सुरू होतो.

हळदवाले, एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली, आता घरी नातवाच्या सायकलीचे ब्रेक लावतो. माझा अंदाज, तुमची हवा गळतेय. पी०२९९ म्हणजे ईसीएमने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, मागितलं तेवढं प्रेशर मिळालं नाही. टर्बो मेला असं तो कुठेच म्हणत नाही.

धूर काय सांगतो बघा. हवा मोजणारा सेन्सर फिल्टरजवळ बसतो आणि त्या मापावर डिझेल पडतं. पुढे पाईप फाटला की मोजलेली हवा वाटेतच निसटते, डिझेल मात्र ठरलेलंच पडतं. ते अर्धवट जळून त्या टेम्पोवाल्याच्या तोंडावर. सील जाऊन तेल जळत असतं तर धूर निळसर आला असता आणि डिपस्टिकवरची तेलाची पातळीही उतरली असती. उतरलीय का?

आता तो प्ले, म्हणजे शाफ्टची ढिलाई. टर्बोचा शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगत फिरतो, मिनिटाला लाख-दीड लाख फेरे. बंद गाडीत तो वर-खाली किंचित हलणारच. शाफ्ट आत-बाहेर सरकतो का आणि पाती घराला घासल्यात का, ते बॅटरी मारून बघा. दोन्ही नसेल तर एका बोटाच्या निदानावर ४२ हजार घालू नका.

न्यूट्रलमध्ये रेस देऊन गळती शोधत बसू नका, लोड नसताना बूस्ट, म्हणजे टर्बोचं प्रेशर, बनतच नाही. थंड गाडीवर, इंजिन बंद ठेवून, टर्बोच्या तोंडाला मापाचं पीव्हीसी एंड कॅप क्लिपने आवळा. कॅपमध्ये ट्यूबलेसचा वॉल्व्ह बसवून घ्या, कुठलाही पंक्चरवाला बसवून देईल. दहा पीएसआय हवा भरा, पंधराच्या वर अजिबात नाही. कॅपच्या समोर उभं राहायचं नाही, सुटलं तर दात जातील. मग टर्बो ते इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारा रेडिएटर) आणि इंटरकूलर ते इंजिन, सगळ्या होसवर साबणाचं पाणी मारा. होसची खालची बाजू हात घालून चाचपा. फाटतो तो खालीच, कारण तेल तिथे साचतं आणि रबर फुगवतं.

हळदवाला_वाई:

नाना, सापडलं!! साबणाची वेळ येण्याआधीच दिसलं म्हणा. गाडी गोडाऊनला लागून उभी असते, त्यामुळे बॉनेटखाली सगळीकडे हळदीची पिवळी धूळ. फक्त इंटरकूलरच्या टर्बोकडच्या होसखाली प्लॅस्टिकच्या कव्हरवर पंख्याच्या आकाराचा काळा ओला डाग. होस वरून एकदम नवा दिसतो. खालून हात फिरवला तर करंगळीएवढी चीर, दाबली की तोंड उघडते. हवा भरल्यावर तिथे फेसाचा गोळाच आला. शेजारच्या ब्रॅकेटला घासत होता. नवा होस १८५० आणि दोन क्लिपा.

डिपस्टिकवर तेल जागेवर आहे, पाती घासलेली नाहीत. धूर गेला, फुस्स गेलं. पण २००० च्या खाली अजून मरगळ आहे, पहिल्यासारखी ओढत नाही. आणि जुन्या होसमधून चमचाभर तेल निघालं, त्याचं काय?

नाना_डेपो:

चमचाभराला घाबरू नका. इंजिनच्या खालच्या पेटीतली (क्रँककेस) तेलकट वाफ ब्रीदरच्या नळीने टर्बोच्या तोंडात सोडलेली असते, त्यातलं तेल तिथे जमतं. वाटीभर निघालं तर मात्र गाडी चालू करायची नाही. डिझेल इंजिन स्वतःचंच तेल ओढून पळत सुटतं, चावी काढली तरी थांबत नाही. तसं कधी झालंच तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं. एकदा डेपोत बघितलंय, पुन्हा बघायची इच्छा नाही.

मरगळीसाठी आधी फुकटातलं काम. गाडीचे आकडे मोबाईलवर दाखवणारा ब्लूटूथचा डोंगल लावा, चावी ऑन ठेवून इंजिन न सुरू करता मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचं प्रेशर मोजणाऱ्याचा, आकडा वाचा. समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कल असतो, वाईच्या उंचीवर ९३ च्या आसपास यायला हवा. बराच वेगळा आला तर सेन्सर काजळलाय, काढून स्प्रेने साफ करा.

मग ॲक्च्युएटरचा, म्हणजे टर्बोची पाती हलवणाऱ्या डब्याचा, दांडा. व्हॅक्यूमवाला असेल तर इंजिन चालू केल्यावर दांडा ओढला जातो, बंद केल्यावर सुटतो. व्हॅक्यूम गेला की व्हीजीटीची पाती उघडी राहतात आणि खालच्या फेऱ्यांना बूस्ट मिळत नाही. मुलाला चावी द्या आणि तुम्ही दांड्याकडे बघा.

हळदवाला_वाई:

मुलगी होती चावीला. आकडा ९२, म्हणजे सेन्सर ठीक. दांडा मात्र अर्धाच ओढला जायचा, तोही लुळा. व्हॅक्यूमची बारीक नळी सोलेनॉइडच्या (व्हॅक्यूम सोडणारा विजेवरचा वॉल्व्ह) टोकाला वाळून तडकली होती, बोटाने दाबली तर खारीसारखी तुटली. मीटरभर नवी नळी आणून सगळीच बदलली. आता दांडा फटकन जातो आणि मऊ परत येतो, अडकत नाही. डोंगलवर ईसीएमने बूस्ट मागितलं २१० किलोपास्कल, मिळालं २०६.

चार पोती मागे टाकून उद्या सकाळी पसरणी चढून पाचगणीला जाऊन येतो.

नाना_डेपो:

जा. वर पोचल्यावर लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर आयडलला ठेवा, टर्बोला तेलाने गार होऊ द्या. उतरून आलात की गाडी थंड झाल्यावर दोन्ही क्लिपा एकदा परत आवळा, नवं रबर बसतं. आणि त्या ब्रॅकेटवर होसचा जुना तुकडा कापून बांधा, नाहीतर हाही घासेल.