‘स्प्रिंग टाका, बाकी अलाइनमेंटवाला बघेल’ हा सल्ला देऊ नका

टो_इन: पोर्श ७१८ केमनची उंची कमी करायला निघालेल्या आपल्या फोरमवरच्या एका सभासदाला काल वरळीकरांनी सांगितलं, ‘३० मिमीच्या स्प्रिंगा टाक, शॉक ॲब्झॉर्बर आहेत तेच ठेव, बाकी अलाइनमेंटवाला बघेल.’ काय बघेल तो? अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं; गाडीत ते फिरवायला जागा असेल तेवढंच तो फिरवणार.

चारही चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकाच उभ्या दांड्यावर. गाडी ३० मिमी उतरली की बंप स्टॉपही (शॉक पूर्ण दबू नये म्हणून असलेला रबरी अडसर) जवळपास तेवढाच जवळ येतो. भर पावसात, वळणात स्ट्रट त्यावर आपटला की ते चाक एकदम कडक होतं आणि पकड सुटते. म्हणून पैसे आधी छोट्या स्ट्रोकच्या कॉइलओव्हरवर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकचा संच) घाला. पीएएसएम (पोर्शचे इलेक्ट्रॉनिक शॉक) असेल तर त्याच्याशी जुळणारा संच घ्या, नाहीतर मीटरवर एरर लागेल. मग मागच्या ॲडजस्टेबल टो लिंक, म्हणजे लांबी बदलता येणारे दांडे; टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकाची पुढची कड किती आत किंवा बाहेर वळली आहे ते. टो फिरवायचा मूळ एक्सेंट्रिक बोल्ट टोकाला जाऊनही टो बसत नाही, ही उतरवलेल्या केमनची नेहमीची रड. टायरची आतली कड गेली की सगळे कॅम्बरला (चाकाचा वरचा भाग आत-बाहेर झुकणं) शिव्या घालतात. टो नीट असेल तर दीड अंश निगेटिव्ह कॅम्बरवर टायर चांगला चालतो. टो बिघडलेला असेल तर काही हजार किलोमीटरांत आतून तारा दिसतात.

वरळीकर: अहो, सी लिंकवर ८०ची मर्यादा आहे. तिथे वळणात गाडी किती कलते, रोल सेंटर कुठे, हे गणित कुणाला हवंय? शॉक नवे असतील तर २० मिमीपर्यंत मूळ शॉकवर गाडी व्यवस्थित चालते. प्रत्येकाला लाखांचा खर्च सांगून घाबरवू नका.

टो_इन: २० मिमी मान्य. तुम्ही ३० लिहिलं होतं. आणि रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) रेस ट्रॅकपुरतं नसतं. गाडी उतरून चाक धरणारा खालचा आर्म चाकाकडे वर चढला की रोल सेंटर गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं आणि गाडी उलट जास्त कलते.

खडीवाला: दोघंही मिमी मोजताय, स्पीडब्रेकर कोण मोजणार? आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) मानकाचा हंप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच. त्याची त्रिज्या साधारण १७ मीटर येते. केमनचा व्हीलबेस २४७५ मिमी, म्हणजे पोटाखालचे फक्त ४५ मिमी जातात. सोसायटीच्या गेटवरची रबरी पट्टी ७५ मिमीची आणि हातभर रुंद. तिथे पूर्ण ७५ जातात, वर स्प्रिंग दबते ती वेगळी. पोटाखाली ११५ मिमी क्लिअरन्स असेल तर ४० उरले. दोष गाडीचा नाही, पट्टीचा आहे.

वरळीकर: मग पट्टी तिरकी घ्यायची.

खडीवाला: गेटात तिरकं व्हायला जागा कुठे आहे, सांगा ना! एका बाजूला केबिन, दुसऱ्या बाजूला उभ्या स्कूटर. आणि पेव्हर ब्लॉक खचलेल्या रस्त्यावर पट्टी नसतानाही पुढची लिप (बंपरची खालची कड) घासते.

कलम_५२: मोटार वाहन कायद्यानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सल्ला देताना हेही लिहीत चला.

टो_इन: बरोबर आहे, लिहायला हवं होतं. खडीवाल्यांचं गणितही मान्य, म्हणून उंची शेवटी ठरवा. पार्ट ३० मिमी झेलणारे घ्या, गाडी १५ मिमीच उतरवा. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपने मोजा, म्हणजे टायरची हवा आकडा बदलत नाही.

गॅरेजकर: एक गोष्ट सगळ्यांची राहिली. आर्मच्या बुशचे, म्हणजे रबरी सांध्यांचे, बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळू नका. रबर त्या स्थितीत धरलं जातं, गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाकं रॅम्पवर टेकवा, मग टॉर्क रेंच. मागचा कॅम्बर लावून झाला की टो पुन्हा बघा, एक हलवलं की दुसरं हलतं. स्प्रिंगा बसायला तीनचारशे किलोमीटर द्या, मग परत अलाइनमेंट. त्या वेळी सीटवर ड्रायव्हरएवढं वजन, टाकी अर्धी, स्टिअरिंग सरळ लॉक.

वरळीकर: ठीक आहे, ३० मागे घेतो. पण २०वर माझं तेच म्हणणं आहे.

गॅरेजकर: २० असो नाहीतर ३०, समुद्राच्या हवेत कॉइलओव्हरची कॉलर (उंची ठरवणारी आट्यांची रिंग) जाम होते. पावसाळ्याआधी थ्रेड ब्रशने साफ करून अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. जाम झालेली कॉलर हातोड्याने ठोकली की अल्युमिनिअमचे आटे जातात आणि मग ती उंची बदलता येत नाही.