दाटसर तांदळाची खीर आणि दूधपाक: तुमचे अनुभव

जुनी बडोदेकर
काल शेजारच्या बेनकडून दूधपाकाची वाटी आली आणि दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पितृपक्षात होणारी तांदळाची खीर आठवली. आजी आंबेमोहोराची कणी तुपावर परतून घेई, पाण्यात अगदी मऊ शिजवी आणि मगच दूध घाली. बेन मात्र सबंध तांदूळ थेट उकळत्या दुधात सोडतात, दूध बरेच आटवतात आणि पुरीबरोबर वाढतात. दोन्ही दाट, पण आजीच्या खिरीला दाटपणा कणीतून येई, दूधपाकाला आटलेल्या दुधातून. आपापल्या घरची रीत लिहावी. कंडेन्स्ड मिल्कचा डबा शक्यतो लांब ठेवावा.

रावपुऱ्याची सून
माझ्या मते सारी गोम साखर कधी घालायची यात आहे. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे तांदळातल्या स्टार्चला फुगायला पुरेसे पाणी मिळत नाही आणि आधीच साखर पडली तर दाणा कितीही उकळला तरी मध्ये कचकचीत राहतो. दाणा दोन बोटांत धरून दाबल्यावर पूर्ण मोडला पाहिजे, तेव्हाच सासूबाई मला साखरेचा डबा उघडू देतात. दूध फुलक्रीमच, म्हणजे किमान 6 टक्के स्निग्धांशाचे घ्यावे. लिटरभर दुधाला मोठे तीन चमचे तांदूळ भरपूर होतात.

वाडीकर
डबा लांब ठेवायला सांगणाऱ्यांनी संध्याकाळी सातला ऑफिसातून येऊन तासभर दूध ढवळून दाखवावे. मी डबा वापरते, मात्र मग वेगळी साखर अजिबात घालत नाही, आणि आमच्याकडे पातेले चाटूनपुसून लख्ख होते.

जुनी बडोदेकर
वाडीकर, आपली तक्रार रास्त आहे. डब्याला सशर्त प्रवेश दिला.

मांडवीजवळ
गूळ घालणाऱ्यांसाठी लिहितो. गुळात थोडा आंबटपणा असतो आणि गरम दुधात तो पडला की दूध फाटते, म्हणून खीर उतरवून कोमट झाल्यावरच किसलेला गूळ मिसळावा आणि पुन्हा विस्तवावर ठेवू नये. दूध तळाशी धरलेच, तर डावाने खरवडण्याच्या फंदात न पडता वरचे अलगद दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्यावे. खरवडले की करपलेला वास सगळ्या खिरीला लागतो.

सासुरवाशीण
श्राद्धाच्या खिरीची खरी परीक्षा अशी, की नैवेद्य दाखवण्याआधी ती चाखता येत नाही. त्यामुळे आमच्याकडे अंदाज चालत नाही. लिटरला पाऊण वाटी साखर ठरलेली असते आणि दाटपणा डोळ्यांनीच जोखायचा. डावाच्या पाठीवर पातळ थर राहिला, की गॅस बंद करावा, कारण निवताना तांदूळ उरलेले दूध पीत राहतो आणि पंगत बसेपर्यंत खिरीचा भात होतो. दाट झालीच, तर गार नव्हे, गरम दूध घालून सारखी करावी.

रावपुऱ्याची सून
वेलदोडा की जायफळ, हे कोणीच लिहिले नाही. आमच्याकडे यावरून दोन पक्ष आहेत आणि चारोळीवर मात्र दोघांचे एकमत आहे.

वाडीकर
जायफळ, पण अगदी चिमूटभर. दुपारच्या जेवणात जास्त पडले, तर घरची सगळी माणसे चारपर्यंत उठत नाहीत.