मृतदेहावरील अळ्या मांसमाशीच्या असतील, तर मृत्यूच्या वेळेचा हिशेब कसा बदलतो?

कायद्याचा विद्यार्थी

नमस्कार. न्यायवैद्यकाच्या आमच्या अभ्यासक्रमात मृतदेहावरील अळ्यांच्या वाढीवरून मृत्यूचा काळ काढण्याचा एक भाग आहे. त्यातील सगळा हिशेब माशीने अंडी घातल्यापासून सुरू होतो. सार्कोफॅजिडी कुळातील मांसमाश्या मात्र अंडी न घालता थेट जिवंत अळ्या सोडतात, एवढे एका वाक्यात सांगून पुस्तक पुढे जाते. हा फरक विचारात घेतला नाही, तर उत्तर कितपत चुकते? शिवाय या माश्या जिवंत रुग्णांच्या जखमांतही अळ्या सोडतात असे वाचले. तसे असेल तर मृत्यूपूर्वीच्या आणि मृत्यूनंतरच्या अळ्या वेगळ्या कशा ओळखायच्या?

कीटकशाळा

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. निळ्या-हिरव्या चकाकणाऱ्या, म्हणजे कॅलिफोरिडी कुळातील माश्यांची अंडी उबदार हवेत साधारणपणे १२ ते २४ तासांत फुटतात. मांसमाशीची अंडी तिच्या पोटातच फुटलेली असतात, त्यामुळे तिची अळी शवावर पडताच खायला लागते. तिच्या बाबतीत अंड्याचा काळ धरला, तर मृत्यू प्रत्यक्षापेक्षा अर्धा ते एक दिवस आधी ढकलला जातो. आरोपी त्या दिवशी गावात होता की नव्हता, यावर खटला उभा असेल तर हा फरक लहान नाही.

खरी अडचण ओळखण्याची आहे. प्रौढ मांसमाशी करड्या रंगाची असते, छातीवर तीन काळे उभे पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी असते. पण हे वर्णन कुळातील असंख्य जातींना लागू पडते. जात ठरवण्यासाठी बहुधा नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. अळीच्या मागच्या टोकावरील श्वासरंध्रे खोल खळग्यात असतील, तर ती मांसमाशीची असण्याचा संभव मोठा. जात मात्र त्यावरून कळत नाही. म्हणून काही अळ्या उकळत्याच्या जवळपास तापलेल्या पाण्यात मारून मग ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात आणि काही जिवंत ठेवून माशी बाहेर पडेपर्यंत वाढवाव्यात. जिवंत अळ्या थेट अल्कोहोलमध्ये टाकल्या तर त्या आकसतात, आणि मग लांबीवरून वय काढण्यात अर्थ उरत नाही.

जाता जाता एक जुने प्रकरण सांगतो. फ्रान्समधील आर्ब्वा गावी १८५० साली एका घराच्या दुरुस्तीत शेगडीमागे बालकाचे वाळलेले शव सापडले. डॉक्टर बर्जरे यांनी मांसमाशीचे कोष आणि पतंगाच्या अळ्या पाहून मृत्यू १८४८ च्या सुमारास झाल्याचे मत दिले, आणि संशय त्या काळी घरात राहणाऱ्यांकडे वळला. माशीची एक पिढी पूर्ण व्हायला वर्ष लागते, असे मात्र त्यांनी गृहीत धरले होते. वास्तविक उबदार दिवसांत काही आठवडे पुरतात. आधुनिक न्यायवैद्यक कीटकशास्त्रातील हे बहुधा सर्वाधिक उद्धृत होणारे प्रकरण, आणि त्याचा पायाच असा डळमळीत!

शवविच्छेदन कक्षातून

वरील प्रतिसादाला एक पुरवणी. अळीच्या वयावरून माशी शवापर्यंत कधी पोहोचली ते कळते, मृत्यू कधी झाला ते नव्हे. दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीत किंवा गुंडाळलेल्या शवावर माशी उशिरा पोहोचते. अळ्यांचा मोठा पुंजका स्वतःच उष्णता निर्माण करतो, त्यामुळे केवळ हवामान केंद्राचे तापमान पुरत नाही. शरीरातील अमली पदार्थांचाही परिणाम होतो: हवाई बेटांवर एम. ली गॉफ आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली कोकेन असलेल्या ऊतींवर बोएटचेरिस्का पेरेग्रिना या मांसमाशीच्या अळ्या वाढवल्या, तेव्हा त्या नेहमीपेक्षा लवकर वाढल्या.

आता दुसरा प्रश्न. भारतात जिवंत माणसाच्या आणि जनावरांच्या जखमांत अळ्या पाडणारी प्रमुख माशी क्रायसोमिया बेझियाना ही आहे, आणि ती मांसमाशी नव्हे. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशातील वोलफार्टिया मॅग्निफिका ही मांसमाशी मात्र जिवंत ऊतींवरच जगते. आपल्याकडील सार्कोफॅगा प्रजातीच्या माश्या संधी साधणाऱ्या आहेत. मधुमेहींच्या पायाच्या सडलेल्या जखमा, अंथरुणाला खिळलेल्यांचे शय्याव्रण, दुर्गंधी येणारे नाक अशा ठिकाणी त्या अळ्या सोडतात.

त्यामुळे शवावरील सर्वांत मोठ्या अळ्या शय्याव्रणात किंवा मलमूत्राने माखलेल्या भागात, आणि डोळे, नाक, तोंड येथे मात्र लहान अळ्या असतील, तर त्या मोठ्या अळ्या मृत्यूआधीच्या असण्याची शक्यता गंभीरपणे तपासावी लागते. जखमेच्या कडांचे सूक्ष्मदर्शकीय परीक्षण करून जिवंतपणीच्या दाहाची चिन्हे शोधतात. या अळ्यांचे वय मृत्यूच्या काळाऐवजी त्या व्यक्तीची आबाळ किती दिवस झाली, याचा पुरावा ठरते. वृद्धांच्या आणि बालकांच्या हेळसांडीच्या प्रकरणांत तो फार मोलाचा असतो.

कायद्याचा विद्यार्थी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मग उलटतपासणीत नेमके काय विचारावे?

शवविच्छेदन कक्षातून

अळ्या शरीराच्या कोणत्या भागातून घेतल्या, प्रत्येक भागाची बाटली वेगळी होती का, घटनास्थळाचे तापमान कोणी नोंदवले आणि जात कोणी ठरवली, हे विचारा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे अपेक्षित आहे. तेव्हा अळ्या तेथेच गोळा केल्या की शव शीतगृहातून बाहेर काढल्यावर, हेही विचारा. शीतगृहात अळ्यांची वाढ मंदावते, आणि तो काळ हिशेबात धरला नसेल तर अहवालातील वेळेवर विसंबता येणार नाही.