रस्ता रुंद करा म्हणे! आणि तो ओलांडायचा कोणी?

पायपीट
परवा इथेच चारचाकी या सदस्याचा लेख वाचला. म्हणणं थोडक्यात असं: शहर राहण्याजोगं करायचं तर आधी रस्ते रुंद करा, उड्डाणपूल बांधा; पदपथ, उतार, 'सर्वसमावेशक' वगैरे चोचले नंतर. तिथेच चार ओळी खरडायला बसले, त्या आवरेनात, म्हणून वेगळा धागा.

माझी आई 74 वर्षांची. गुडघे गेलेत, पण हिंडायची हौस दांडगी. घरासमोरचा रस्ता रुंद झाला तेव्हा तीही खूश होती. आता पलीकडच्या वाचनालयात जाणं बंद. हिशेब साधा आहे. सिग्नल बसवताना बऱ्याच ठिकाणी माणसाची चाल सेकंदाला 1.2 मीटर धरतात. म्हणजे 24 मीटरच्या रस्त्याला 20 सेकंद. आई 0.8 नं चालते (घड्याळ लावून मोजलंय). 20 सेकंदांत 16 मीटर. उरलेले 8 मीटर हॉर्नच्या भरवशावर. एकदा दुभाजकाला धरून दोन सिग्नल उभी राहिली, काठी एका हातात, पिशवी दुसऱ्या. त्या दिवसापासून पुस्तकं मी आणते.

आणि रुंदी वाढवून गर्दी हटते म्हणता? अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग बघा. सेवारस्ते धरून काही ठिकाणी 26 मार्गिका. 2008 मध्ये काम संपलं, काही वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. वाट मोकळी दिसली की घरी ठेवलेल्या गाड्याही बाहेर पडतात.

चारचाकी
लेखनशैलीला दंडवत. आता मुद्द्याचं. ह्यूस्टनची लोकसंख्या त्या काळात किती वाढली, ते सोयीस्कर गाळलंत. तो रस्ता नसता तर काय झालं असतं, तेही सांगा.

दुसरं, गाडीवाला म्हणजे खलनायक हे ठरवूनच लोक इथे येतात. माझी बायको आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते. परत येताना तिला उभंही राहवत नाही. तिला सायकलवर बसवू का? तुमच्या समावेशक शहरात आम्ही बसतो की नाही?

कर्कटक
नकाशे काढण्यात हयात गेली, म्हणून बोलतो. भांडण रुंदीचं नाहीच, ती रुंदी कोणाला दिली याचं आहे. कोलंबियातल्या बोगोटात 2000 च्या अखेरीस ट्रान्समिलेनियो ही बससेवा सुरू झाली, तिथेही रस्ते रुंदच आहेत. फक्त मधल्या मार्गिका बसला राखून ठेवल्या. चारचाकीराव, तुमच्यासाठी इस्पितळाच्या दारापर्यंत गाडी गेलीच पाहिजे. पण दारात 45 सेंटिमीटरची पायरी असेल तर 1:12 च्या (एक भाग उंचीला बारा भाग लांबी) उताराला 5.4 मीटर जागा लागते. ती आधी राखली नाही तर मग घसरगुंडी बांधतात आणि उद्घाटन करतात.

पायपीटताई, तुमच्या आईसाठी दुभाजकात थांबायला बेट हवं, आणि वाटेत बाक. पाठ आणि हात असलेले.

रातपाळी
हात असलेले बाक! आलंच शेवटी.

ते हात बसणाऱ्यासाठी नसतात साहेब, कोणी आडवं होऊ नये म्हणून असतात. माझी शेवटची बस चुकली होती. पहाटे पाचपर्यंत दुसरी नाही. थांब्यावरच्या बाकाला मध्ये दोन लोखंडी हात. कुशीवर वळून बघितलं, पाय खाली सोडून बघितलं, शेवटी जमिनीवर पेपर अंथरला. शेजारचा माणूस सरावलेला होता. तो त्या दोन हातांखालून अंग सरकवून, कात्रीत सापडल्यासारखा झोपला होता. लंडनच्या कॅमडेनमध्ये 2012 मध्ये तिरक्या काँक्रीटचा बाक बसवला, त्यावर झोपणं सोडा, नीट बसणंही अवघड. यालाच नियोजन म्हणतात.

पायपीट
थांबा हं. आईला हाताशिवाय उठताच येत नाही. सपाट बाकावर बसली की तिला मी ओढून उठवते. तुमच्या झोपेपायी तिनं उभंच राहायचं का?

रातपाळी
मग कडेला द्या ना हात! मध्ये कशाला?

पायपीट
कडेला आधीच कोणी बसलं असेल तर?

रातपाळी
तर त्याला सरकायला सांगा. मला कोणी सरकायला सांगत नाही, उठायला सांगतात.

चारचाकी
धागा रस्त्यांचा होता ना? हसू का रडू?

गच्ची
बाकाचे हात मोजताय, बाकावर येतं कोण ते बघा. व्हिएन्नात 1990 च्या दशकात लक्षात आलं की वयाच्या नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेतून नाहीशाच होतात. एकच मोठं मैदान असलं की मुलगे ते व्यापतात. मग मैदानाचे भाग पाडले, वाटा वाढवल्या, मुली परत दिसू लागल्या. मी तेराव्या वर्षी बागेत जाणं सोडलं. कोणी मनाई केली नव्हती. बसायला जागा होती ती चेंडूच्या वाटेत.

चारचाकी
आता चेंडूपण माझ्याच गाडीखाली आला म्हणा.

कर्कटक
रातपाळी, एक कबुली देऊन टाकतो, नंतर टोमणे मारू नका. असा बाक मी स्वतः काढलाय. कागदावर कारण होतं 'ज्येष्ठ नागरिकांची सोय'. बैठकीत तोंडी सांगितलेलं कारण तुम्ही म्हणता तेच. मी दोन्ही ऐकली आणि मधला हात काढला. म्हणजे, रेखाटला.

रातपाळी
रेखाटला, हो. खुलासा केलात ते बरं.

चारचाकी
बरं बाई. दुभाजकात बेट करा, मान्य. सिग्नलला 10 सेकंद वाढवा, तेही मान्य. तेवढ्यात माझी गाडी काही गंजणार नाही. उड्डाणपुलावर मात्र मी ठाम आहे.

पायपीट
30 सेकंदच हवे होते. उड्डाणपुलाचं बघू, आधी तिथे जिना आहे की उतार ते सांगा.

रातपाळी
आणि मधला हात?